सासियाच्या नावाची गोगलगाय

रास तर्फा गावच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, खणणाऱ्या बायकांना ती गोगलगाय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, आणि तिच्याबद्दल बरं बोलणारं कुणी नव्हतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढा जीव, पण तिसरीच्या पाठीवर बसला की दोन-दोन दिवस हलायचा नाही. जिभेने घासून घासून शिंपेला गोल भोक पाडायचा, त्यातून सोंड आत घालायचा आणि जिवंत तिसरी आतल्या आत खरवडून खायचा. ओहोटीला विळ्याने चिखल उलथला की दहातल्या दोन तिसऱ्या हलक्या लागत. उघडाव्यात तर आत नुसतं पाणी. बायका त्या गोगलगायीला 'सासू' म्हणत.

सासिया ह्याच बायकांतली. सतराव्या वर्षी तिचं खमाइसशी लग्न झालं. तो स्पंज काढणाऱ्या बोटीवर होता. नऊ वर्षं संसार केला, मूल झालं नाही. स्फाक्सच्या कोर्टात तलाक झाला, खमाइसने त्याच हिवाळ्यात दुसरी आणली आणि पाच वर्षांत तिला चार मुलं झाली. त्यामुळे दोष कुणाचा हे गावाला विचारावं लागलं नाही. सासिया आईच्या घरी परतली, आई वारली, घरात ती एकटी उरली. खमाइसची बहीण मन्नाना तिच्याच शेजारी चिखल खणायची. मन्नानाची जीभ त्या गोगलगायीसारखीच होती. एकदा एका जागी बसली की भोक पडेपर्यंत उठायची नाही.

"सासिया, तुझं बरं आहे बाई," ती म्हणायची. "घरी जाऊन कुणाचं नाक पुसायला नको, की कुणाचं ढुंगण धुवायला नको."

सासिया विळा चालवत राहायची.

बंदरावर जुनी जकातीची इमारत होती. ती सरकारने समुद्राच्या अभ्यासाला दिली आणि ट्यूनिसहून सी रऊफ, म्हणजे रऊफसाहेब, तिथे आले. पन्नाशीचे, टापटिपीचे, कोटाच्या खिशात नेहमी पांढरा रुमाल. शंख-शिंपल्यांतलं त्यांना कळतं तेवढं देशात कुणाला कळत नाही, असं त्यांचा कारकून बुर्हान सांगायचा. त्यांना चिखल चाळून बारीक गोगलगायी वेचायला माणूस हवं होतं. पाच-सहा बायका बोलावल्या, प्रत्येकीसमोर वाडगाभर गाळ ठेवला आणि सांगितलं की सारख्या दिसतील त्या एकत्र करा. बाकीच्यांनी तीन-चार ढीग केले. सासियाने अकरा केले.

"नऊ असायला हवेत," सी रऊफ म्हणाले.

"अकरा आहेत," सासिया म्हणाली.

त्यांनी दोन तास मायक्रोस्कोपखाली पाहिलं. ढीग अकराच होते. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. कागदावर हुद्दा झाडूवालीचा होता.

वेचण्यापासून ती चिरण्यापर्यंत कशी पोचली ते सी रऊफांच्या स्वभावातच होतं. त्यांना शिकवायला आवडायचं. शिकणारा चुकला की त्याचा पाणउतारा करायला त्याहून जास्त आवडायचं. आधी कवच पिळून आवळायच्या छोट्या शेगड्यात धरायचं आणि हळू पिळायचं. करकर आवाज आला की थांबायचं. जास्त पिळलं तर आतला जीव चेचतो, कमी पिळलं तर कवचाचा मधला खांब सुटत नाही. मग तुकडे चिमट्याने सोलायचे आणि उघडा जीव मेणाच्या तबकात खाऱ्या पाण्यात सुयांनी खिळायचा. जीव तेव्हा जिवंतच असायचा. भूल देण्याचं मीठ कपाटात होतं, पण त्याने आतले अवयव फुगून खरा आकार जातो, म्हणून सी रऊफ ते वापरू देत नसत.

पहिल्या आठवड्यात सासियाचा हात थांबला होता. सुई टोचल्यावर त्या जिवाने पाय आखडून घेतला आणि पायाला चिकटलेलं तपकिरी झाकण स्वतःवर ओढायला बघितलं. कवच तर उरलंच नव्हतं. दार लावायचं तरी कशाला.

"काय झालं?" सी रऊफ म्हणाले. "तिसऱ्या जिवंत उकळताना तुझा हात थांबतो का? पुढे चल."

ती पुढे गेली. पाठीवरचं पातळ आवरण उजवीकडून कापून उलटायचं, म्हणजे आतली खोली उघडते. डावीकडे तपकिरी, पिसासारखं वास घेण्याचं इंद्रिय. त्याच्या शेजारी कंगव्याच्या दातांसारखा कल्ला. मग एक पिवळट ग्रंथी, तिला धक्का लागला की रस सांडतो आणि उन्हात तो आधी हिरवा, मग जांभळा होतो. तो डाग कातडीवरून आठ-आठ दिवस जात नाही आणि त्याला कुजक्या लसणाचा वास येतो. मागे, एका पारदर्शक पिशवीत, हृदय. मोहरीएवढं हृदय, चिरल्यावरही अर्धा-पाऊण तास उडत राहायचं. सी रऊफ घड्याळ लावून ते ठोके मोजायला सांगत. सासियाची बोटं कायमची जांभळी झाली. गावात तिच्या हातचा चहा लोक नको म्हणू लागले.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी सी रऊफ मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसले होते. "उत्तम," ते म्हणाले. "जिभेवरच्या दातांची पट्टी उत्तम उठली आहे." सासिया शेजारी उभी होती. मायक्रोस्कोपचा दिवा लावायचाच राहिला होता. खाली काळोख होता, आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

तिने हात लांबवून दिवा लावला. बटणाचा आवाज झाला. सी रऊफांची मान ताठ झाली. त्यांना साखरेचा आजार होता, डोळ्यांच्या आत रक्त उतरत होतं. ठळक शाईचं चित्र ते भिंगातून कसंबसं बघू शकायचे. मायक्रोस्कोपखालचा बारीक जीव त्यांना दिसणं संपलं होतं. ट्यूनिसला कळलं असतं तर त्यांना महिन्याभरात घरी बसवलं असतं. त्या दिवसापासून डोळे सासियाचे आणि लिहिणं त्यांचं, असं काम सुरू झालं. मायक्रोस्कोपला एक आरसा होता, त्यातून खालची वस्तू कागदावर पडल्यासारखी दिसायची. पेन्सिलने ती गिरवायला सासिया शिकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण रेघ यायची.

तिसऱ्यांना भोकं पाडणारी ती गोगलगाय कुठल्याच पुस्तकात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं ते असंच, तिच्या सांगण्यावरून. मग ते वर्णन करायला बसले. ते काम पाच महिने चाललं.

"शेंड्यापासून सांग."

"शेंडा गुळगुळीत आहे. दीड वेढा, आणि वर नखभर. मग एकदम खरबरीत सुरू होतं."

"म्हणजे पिल्लू अंड्यातून निघून पोहत नाही, थेट रांगतं. पुढे."

"त्याखाली पाच वेढे. दोन वेढ्यांमधली शिवण खोल आहे, दोरा ओढून आवळल्यासारखी. शेवटच्या वेढ्यावर सात उभ्या कडा, उपाशी गाढवाच्या बरगड्यांसारख्या."

"गाढव तुझ्या घरी ठेव. सात उभ्या कडा. आडवे दोरे?"

"शेवटच्या वेढ्यावर बारा. एक जाड, एक बारीक, असे. कडेवरून जाताना जाड दोऱ्याला खवला फुटतो. तोंड लांबट, आतून फिकं जांभळं. बाहेरच्या ओठाच्या आत पाच दाणे. खाली पन्हळ आहे, पण ती आखूड आणि उघडी. बेंबी नाही, नुसती चीर."

"चीर की भेग?"

"कागद सरकवाल तर सरकेल इतकी चीर."

दातांच्या पट्टीसाठी ती गोगलगायीचं डोकं कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्यात टाकायची. रात्रभरात मांस विरघळून जायचं आणि सकाळी तळाशी केसाहून बारीक पारदर्शक फीत उरायची. तिच्यावर एकामागे एक दातांच्या ओळी. प्रत्येक ओळीत तीन दात. कडेचे दोन आकड्यासारखे, मधला रुंद, त्याला पाच टोकं. ह्याच पट्टीने तो जीव शिंपेला भोक पाडायचा. तळपायाला एक गाठ होती, तिच्यातून आम्ल पाझरून शिंप मऊ पडायची, मग दात, मग पुन्हा आम्ल. सासियाने अशा दोनशे पट्ट्या काढल्या. प्रत्येक चित्र खरं होतं.

मग ती माद्यांपाशी येऊन अडली.

बंदराच्या भिंतीवरून आणलेल्या चाळीस गोगलगायी तिने उघडल्या. चाळीसच्या चाळीसांना उजव्या शिंगामागे नराचं इंद्रिय होतं. पण त्यांतल्या बावीस जणींच्या पोटात अंड्यांच्या पिशव्या तयार करणारी दुधी ग्रंथी होती, आणि तिच्या बाहेरच्या तोंडावर मांस वाढून ते बुजलं होतं. आत अंडी साठून काळी पडलेली. काही जणी आतून फुटलेल्या.

"ह्या बाया आहेत," ती म्हणाली. "पण ह्यांना पुरुषाचं आलंय. अंड्यांची वाट बुजली आहे. आतल्या आत कुजतात आणि मरतात."

सी रऊफ हसले. बुर्हान टेबलाशी पत्रं फोडत होता, त्यालाही ऐकू जाईल असं ते म्हणाले, "सासिया, नर कोण आणि मादी कोण हे तुला नऊ वर्षांत घरात कळलं नाही. इथे काय कळणार?"

बुर्हानने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलले.

"मी दिसतं ते सांगितलं," सासिया म्हणाली.

"चाळीस नर. लिहून झालं."

त्या वसंतात मार्सेयहून मादाम ओदील आल्या. गोगलगायींच्याच अभ्यासक, साठीच्या, पायात पुरुषी बूट. ट्यूनिसचे दोन अधिकारी त्यांच्याबरोबर होते. टेबलावर मासा आणि हरिसाची तिखट चटणी वाढून झाल्यावर मादामनी विचारलं, की तुमच्या बंदरात माद्यांवर काही परिणाम दिसतो का, कारण बोटींच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून नवा विषारी रंग लागतो तिथे उत्तरेकडे विचित्र गोष्टी दिसू लागल्या आहेत. सी रऊफ म्हणाले, इथे तसं काही नाही. सासिया पाण्याचा जग घेऊन उभी होती. मादामना थोडं अरबी येत होतं. त्यांनी तिच्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं, "तू चिरतेस?"

"हो."

"एक दाखव."

सासियाने सी रऊफांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांसमोर ते नाही म्हणू शकले नाहीत. तिने एक गोगलगाय फोडली, चार मिनिटांत उघडून खिळली आणि सुईच्या टोकाने आधी एक जागा दाखवली, मग दुसरी. मादाम बराच वेळ बघत होत्या.

"मादी आहे," त्या म्हणाल्या. "आणि वाट बुजली आहे. हिला बरोबर दिसलं. रऊफ, तुम्हाला कसं दिसलं नाही?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं. पण सी रऊफांनी रुमाल काढून डोळे पुसले, आणि एक अधिकारी दुसऱ्याकडे बघत राहिला. पाहुणे गेल्यावर सी रऊफ सासियाला रागावले नाहीत. उलट पुढचं वर्षभर ते तिच्याशी गोड वागले. माद्यांची सगळी हकीकत त्यांनी लेखात घातली, स्वतःला दिसल्यासारखी.

लेख छापून आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. बुर्हान होता, बोटीचा नावाडी होता, पहारेकरी होता. सी रऊफांनी पहिलं पान वर धरलं.

"ही गोगलगाय सासियाने शोधली," ते म्हणाले. "म्हणून तिला मी सासियाला शोभेल असं नाव दिलं आहे. लॅटिनमध्ये. जगात कुठेही हिच्याबद्दल लिहितील तेव्हा हेच नाव लिहावं लागेल."

"काय नाव?" सासियाने विचारलं.

"स्टेरिलिस."

"सासियाला लॅटिनमध्ये असं म्हणतात?"

"तुला असंच म्हणतात."

बुर्हान खिडकीबाहेर बघत होता. पहारेकऱ्याला खोकला आला. सासियाने ते पान दोन्ही हातांत घेतलं. तिला छत्तीस वर्षांत कुणी तिच्या नावाचं काही दिलं नव्हतं.

तिने ते पान सुताराकडून चौकटीत बसवून घेतलं आणि चुलीसमोरच्या भिंतीवर लावलं. त्या शुक्रवारी तिने बायकांना जेवायला बोलावलं. मोठ्या परातीत वाफवलेल्या रव्याचा कुसकुस, वर ऑक्टोपस, भोपळा, हरभरे. चिखलातल्या चौदा जणी आल्या. मन्नानालाही तिने बोलावलं होतं. खरं तर तिच्यासाठीच बोलावणं होतं. मन्नाना आपल्या मुलीला, इन्साफला घेऊन आली. पोरगी स्फाक्सच्या शाळेत फ्रेंच शिकत होती.

"एवढं कौतुक आहे तर काय लिहिलंय ते कळू दे," मन्नाना म्हणाली. "इन्साफ, वाच गं."

इन्साफ चौकटीपाशी गेली. तिने मनातल्या मनात वाचलं आणि ती मागे सरकली.

"वाच ना."

"आई, नको. लहान अक्षरं आहेत."

"डोळे फुटले का तुझे? तुझ्या शाळेसाठी मी कंबर मोडून घेतली ती कशाला?"

"नावाचा अर्थ दिलाय," इन्साफ म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "वांझ. लिहिलंय की वांझ हे नाव दिलं, कारण हिच्या माद्यांना पिल्लं होत नाहीत."

कुणाचाच हात परातीतून वर आला नाही. मग मन्नाना हळू आवाजात म्हणाली, आणि तिच्या आवाजात थट्टाही नव्हती, "खमाइसने तरी हे कोर्टात म्हटलं होतं. ह्याने छापलं."

कोपऱ्यातली म्हातारी शेल्बिया म्हणाली, "जेवा गं. गार होतंय."

बायका जेवल्या. सासियाने सगळ्यांना वाढलं, दुसऱ्यांदा वाढलं, हात धुवायला पाणी घातलं आणि दारापर्यंत पोचवलं. मग चौकट उतरवली, काच बाजूला काढून ठेवली आणि पान चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. सी रऊफ खुर्चीत बसले होते.

"सी रऊफ, ते नाव बदलता येईल का?"

"अच्छा. कुणीतरी वाचून दाखवलं." त्यांनी हात जोडल्यासारखे पोटावर ठेवले. "नाही येत. एकदा छापलं की छापलं. मी स्वतः म्हटलं, मला पश्चात्ताप होतो, तरी नाही. नावात चूक असली तरी नाव तेच राहतं. तो नियमच आहे. आणि मी गोगलगायीबद्दल लिहिलं आहे, तू स्वतःवर का ओढून घेतेस?"

"इथे सगळ्यांना माहीत होतं?"

"फ्रेंच येतं त्या सगळ्यांना."

 मग तिने तबकं धुवायला घेतली.

पुढच्या दोन वर्षांत सी रऊफांची नजर आणखी गेली. आता त्यांना पायरीही चाचपावी लागायची. ट्यूनिसहून पत्रं येत होती की निवृत्तीचं काय. त्यांना जाण्याआधी एक मोठं काम हवं होतं, ज्यामुळे मार्सेयमध्ये लोक मान डोलावतील. ते सासियाला रोज विचारायचे, "नवीन काही?"

एका सकाळी सासिया म्हणाली, "आहे."

खाडीच्या तोंडाशी, जिथे प्रवाह जोराचा, तिथे तीच गोगलगाय जरा फिकी आणि झिजलेली सापडायची. तिने त्यातल्या तीस आणल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. सी रऊफांनी एक बोटांत घेऊन चोळली.

"कडा जाणवत नाहीत."

"नाहीतच," सासिया म्हणाली.

"शेंडा?"

"साडेतीन वेढे. जाळीदार."

ते खुर्चीत पुढे सरकले. "जाळीदार? म्हणजे पोहणारी पिल्लं. ह्या कुळात? नीट बघ."

"बघतेय. साडेतीन."

भिंगाखाली खरे दीडच वेढे होते, गुळगुळीत. तिने आरसा लावला, पेन्सिल घेतली आणि जाळी काढली. प्रत्येक रेघ तिने इतर रेघांइतक्याच काळजीने काढली. बेंबी नव्हती तिथे खोल बेंबी काढली. खांबावर दोन घड्या घातल्या, पन्हळ लांब केली. सी रऊफ शाईचं चित्र भिंगातून बघायचे आणि त्यांचा श्वास जोरात चालायचा. ते तिला आता टोचून बोलत नव्हते. एकदा त्यांनी स्वतःच्या हाताने चहा करून तिच्यापुढे ठेवला.

दातांच्या पट्टीपाशी आले तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला.

"हिला आईचं नाव देणार आहे," ते म्हणाले. "ज़ुबैदा. ती लोकर विंचरायची, गफ्साला. तिच्या बोटांना रक्त यायचं आणि ती ते रुमालाला पुसायची, मला दिसू नये म्हणून. मी परीक्षेला बसलो होतो तेव्हा ती गेली. मला कळवलंही नाही कुणी, अभ्यास मोडेल म्हणून. मी तिच्यासाठी काहीच करू शकलो नाही." ते थांबले. "सासिया, ह्यात चूक नको. मधला दात बघ. किती टोकं?"

सासियाने डोळा लावला. पाच टोकं स्वच्छ दिसत होती, दिव्याच्या उजेडात काचेसारखी. ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. पलीकडे तो म्हातारा रुमाल हातात धरून वाट बघत होता. ह्या क्षणी पाच म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं.

"सात," ती म्हणाली.

लेख छापला गेला. अभिनंदनाची पत्रं आली, आणि मादाम ओदीलचं एक छोटं पत्र, की दहा शंख पाठवा, आमच्या मोठ्या यंत्राखाली बघायचे आहेत. सी रऊफांनी अभिमानाने पाठवले. सासियाने ते स्वतः कापसात गुंडाळले. त्यात तिने काही बदललं नाही. खरेच शंख पाठवले.

चार महिन्यांनी उत्तर आलं. ते बुर्हानने मोठ्याने वाचलं, कारण सी रऊफांना आता स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. मादामनी लिहिलं होतं की दहाच्या दहा शंख स्टेरिलिसचे आहेत. चित्रांतली एकही गोष्ट त्यांच्यात नाही. त्यांना दुःख होतं, पण हे छापावं लागेल. ज़ुबैदाचं नाव ह्यापुढे रद्द नावांत जाईल, आणि याद्यांमध्ये स्टेरिलिसच्या खाली, एक ओळ आत सरकवून लिहिलं जाईल.

"बाहेर जा, बुर्हान," सी रऊफ म्हणाले.

बुर्हान दाराबाहेर जाऊन उभा राहिला, म्हणून पुढचं गावाला कळलं.

"तू काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"दीड वेढा. पाच टोकं. बेंबी नाही."

"सगळं माहीत होतं तुला."

"माझी नजर चांगली आहे, सी रऊफ."

"मी तुला आईचं सांगितलं. तेव्हासुद्धा?"

सासियाने विचारलं, "ते नाव काढून टाकता येईल का?"

त्यांचा हात टेबलावर रुमाल चाचपत राहिला.

"नाही ना? वांझेच्या खालीच राहील?"

"चालती हो," ते म्हणाले, पण त्यांना ती कुठे उभी आहे हे नीट कळलं नव्हतं. ते कपाटाकडे बघून बोलत होते.

ती निघाली नाही. तबकं धुवायची होती, ती धुऊन झाल्यावर गेली.

सी रऊफ तिच्यावर आळ घेऊ शकत नव्हते. तिने खोटं सांगितलं म्हणायचं तर सहा वर्षं आपण आंधळे होतो हे सांगावं लागलं असतं. त्यांनी लिहून दिलं की चूक माझी. त्याच उन्हाळ्यात एक गाडी येऊन त्यांना बहिणीकडे सूसला घेऊन गेली. जाताना बुर्हानने त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या. सासिया वरच्या खिडकीतून बघत होती. पहारेकऱ्याने नंतर तिला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, खालची पायरी त्यांना सापडली नाही तेव्हा वाटलं. तेवढंच.

नवा अधिकारी तरुण होता. हुद्द्याप्रमाणे त्याने तिच्या हातात झाडू दिला. तिने आठ दिवस झाडलं आणि ती परत चिखलात गेली. मन्नानाने तिला बाजूला जागा दिली. काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. मन्नाना आता तिला जराशी घाबरायची.

दोन वर्षांनी, बाजाराच्या दिवशी, बुर्हान तिला भेटला. सी रऊफ वारले होते. तो दफनाला जाऊन आला होता. सात-आठ माणसं होती, म्हणाला. मग त्याने दुसरंही सांगितलं, कारण त्याला वाटलं की तिला माहीत असेल.

"ती चित्रं आता कुणी बघत नाही," तो म्हणाला. "मादामनी लिहिलं ना, की रऊफांच्या शेवटच्या सहा-सात वर्षांतलं काहीच धरून चालता येणार नाही. कुठलं खरं, कुठलं बनवलेलं, कसं ओळखणार? पेट्यांत भरून तळघरात ठेवलंय सगळं. तिथे भरतीचं पाणी शिरतं."

"कुठलं सगळं?" सासियाने विचारलं.

"सगळं."

"मी एकच खोटी काढली होती. बाकीच्या ऐंशी जाती खऱ्या आहेत. त्या दोनशे पट्ट्या खऱ्या आहेत."

"मला माहीत आहे, मावशी. पण सही त्यांची आहे."

"आणि माद्यांचं? ते तर मादामने स्वतः पाहिलं."

"त्यांनी एक पाहिली. बंदरातल्या बाकीच्यांचं तुझ्याच आकड्यांवर होतं. आता म्हणतात, नव्याने मोजावं लागेल. कोण मोजणार? बोटींना तोच रंग लावतात अजून."

 सासियाच्या बादलीत सकाळच्या तिसऱ्या होत्या, त्या आत हळू हळू उघडत-मिटत होत्या आणि पाणी उडवत होत्या. तिला एका माणसाला बुडवायचं होतं. आपलीच आठ वर्षं त्याच्या गळ्यात बांधलेली आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं हे तिलाही ठरवता येईना.

"त्या पेट्या मला मिळतील का?" तिने विचारलं.

"सरकारच्या आहेत. आणि तू काय करणार? वाचता येत नाही तुला."

"चित्रं आहेत ती, बुर्हान. मला येतात वाचता."

तो म्हणाला, बघतो. त्याने खरोखर विचारलं, आणि नाही असं उत्तर आलं. सासियाने मग तो विषय काढला नाही. ती पुढे सतरा वर्षं चिखल खणत राहिली. गुडघे गेले तेव्हा घरी बसली. बंदराच्या भिंतीवरून त्या गोगलगायी हळूहळू नाहीशा झाल्या. तिसऱ्या भोकाविना निघू लागल्या, आणि बायकांना बरं वाटलं.